खड्ड्यातली हवा

बाबा, काल तुमचा भाचा येऊन गेला. आता तो काठी घेऊन चालतो, पण नांदुऱ्याहून बुलढाण्याला एसटीनं एकटाच येतो, आणि स्टँडवर कोणी घ्यायला गेलेलं त्याला अजून खपत नाही. घरात पाऊल टाकताच माझ्या नातवानं त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या खोलीत नेलं. घरी कोणी आलं की नातवाला आपलं विमान दाखवायचं असतं. विमान म्हणजे टेबलावर एक मोठा पडदा, पडद्यापुढे हातात धरायचा दांडा आणि टेबलाखाली पायांनी दाबायचे दोन पायटे. पडद्यावर बाहेरचं दिसतं, धावपट्टी, झाडं, ढग, सगळं खऱ्यासारखं. विमान किती खऱ्यासारखं वागावं हेसुद्धा त्यात ठरवता येतं. सोपं ठेवलं तर ते शहाण्या बैलासारखं सरळ जातं. पूर्ण खरं ठेवलं तर इंजिनाचा जोर वाढवताच नाक डावीकडे ओढ घेतं आणि शिकाऊ माणूस थेट गवतात जातो. नातू बरेच दिवस गवतात जात होता. काल त्यानं ते पूर्ण खऱ्यावर ठेवलं आणि गंमत बघायला बाजूला उभा राहिला.

तुमचा भाचा खुर्चीत बसला, काठी मांडीवर आडवी ठेवली, जोर वाढवला आणि त्याचा उजवा पाय आपोआप खाली गेला. विमान पट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवरून हललं नाही. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही हे आधी खेळलात." तो म्हणाला, "खेळलो नाही बाप्पा. तुया आजीनं शिकवलं." आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला निघून गेले. तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण तुम्हाला ते तेव्हाही कळत होतं. मी जळले. गुडघे दुखतात, दात गेले, आणि ही एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली आहे.

आपलं गॅरेज नांदुऱ्यात रुळांच्या अलीकडे होतं, कापसाच्या जिनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ट्रकखाली उतरून काम करायला मधोमध एक लांबट खड्डा, कडेला तेलानं भिजल्या मातीचा वास, दारात कापसाच्या गाड्यांची रांग. लढाईच्या काळात तुम्ही विमानांचे फिटर होता, हे गावाला माहीत होतं. तुम्ही चालवलं मात्र कधी नाही. तुम्ही सांगायचात, तुमच्या तळावर एका साहेबाची रीत होती: दुरुस्त केलेलं विमान पहिल्यांदा वर जाईल तेव्हा ते दुरुस्त करणाऱ्यानं मागच्या जागेवर बसायचं, म्हणजे कोणी काम कच्चं ठेवत नाही. तशा एका फेरीत त्या साहेबानं थोडा वेळ दांडा तुमच्या हातात दिला. कपातला चहा बशीत ओतून संपवायला लागावा तेवढाच वेळ. विमानाबद्दल तुम्हाला जे काही ठाऊक होतं ते त्या तेवढ्या वेळात हाताला लागलेलं होतं, आणि ते कुणाला तरी द्यायला तुम्ही इतकी वर्षं थांबला होता. तो कुणीतरी मी असेन, असं मला लहानपणी कधी कधी वाटायचं.

मग धामणगाव बढ्याहून आत्या आली आणि सोबत तिचा एकुलता एक मुलगा. आत्या विधवा. मुलगा मॅट्रिक झालेला, उंच, गोरा, आणि त्याला हवाई दलात पायलट व्हायचं होतं. तुमच्या लढाईतल्या एका सोबत्यानं तुम्हाला सांगितलं होतं की निवडीच्या वेळी एका मशीनवर बसवतात. हातात दांडा, पायांत पायटे, समोर उजेडाचा ठिपका. ठिपका चौकटीतून निसटू द्यायचा नाही. ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते, नापास झालेल्याला दुसऱ्यांदा कोणी बसवत नाही. हे ऐकल्यावर तुम्ही जेवता जेवता थांबलात. दुसऱ्या दिवशी एका मोडक्या ट्रकमधली सीट काढली आणि जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्या जोडून ती खड्ड्यावर बसवली, अशी की माणूस बसला की ती चारी बाजूंना झुलावी. पुढे लोखंडी दांडा, खाली पायटे, आणि दांड्याला बांधलेले दोर खाली खड्ड्यात सोडलेले. त्या दोरांना ओढ देणारं कोणीतरी खड्ड्यात पाहिजे होतं, नाहीतर दांडा म्हणजे नुसता हँडपंपाचा दांडा.

खड्ड्यात तुम्हीच उतरणार होता. आत्यानं आडकाठी केली. ती चुलीशी बसून भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "पोरगं तुया स्वाधीन करून राह्यली, दादा. पन मामा-भाच्यानं एका नावेत बसू नाही." तुम्ही हसलात. म्हणालात, हे तर जागचं हलतही नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पान्यात असो का हवेत असो, नाव ते नाव." तुम्ही खड्ड्यात उतरायचा बेत सोडलात. बहिणीचा एकच मुलगा, आणि भाचा म्हणजे आपल्याकडे देवाच्या जागी. तो गावाहून आला की तुम्ही वाकून त्याच्या पाया पडायचात. त्यामुळे झालं असं की तो वर खुर्चीत, तुम्ही बाहेर उभे, आणि खड्ड्यात मी. दांड्याचे दोर माझ्या हातांत, पायट्यांचे माझ्या पायांत. मी चौथीत होते की पाचवीत, ते आता आठवत नाही. खड्ड्यातून मला काय दिसायचं ते आठवतं: फळीच्या फटीतून त्याच्या चपलांचे तळवे.

हवा कशी व्हायचं ते तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. एका चुलीवर कढी, एकीवर पिठलं. माझ्या हातात डाव दिलात आणि म्हणालात, कढीत फिरव. फिरला, काही अडलं नाही. मग पिठल्यात फिरव म्हणालात. ते घट्ट होत आलं होतं, डावाला मनगट लावावं लागलं. "हळू इमान म्हनजे कढी," तुम्ही म्हणालात, "जोरात इमान म्हनजे पिठलं. दांडा तोच, हवा येगळी." आई म्हणाली, पिठल्याला गुठळ्या झाल्या तर तुमच्या इमानाला वाढीन. तुम्ही ऐकत नव्हता. विमान फारच हळू झालं की काय होतं तेही तुम्ही मला दाखवलंत: कढी उतू जायच्या आधी जशी थरथरते तसा दांडा थरथरतो, आणि मग पंखाखालची हवा सुटते. तिथे मी दोर हलवायचे आणि एकदम सैल सोडायचे. वर खुर्ची धाडकन पुढे झुकायची आणि तुमचा भाचा "अगं माय" म्हणायचा. तो आवाज मला फार आवडायचा.

त्या दिवसांत तुम्ही गॅरेजच्या दारातून ओरडताय, "कढी", आणि मी दोर सैल करते. "पिठलं", आणि मी पाठ भिंतीला लावून ओढते. उड्डाणाच्या वेळी डावा पायटा मी सतत ताणून धरायचा, कारण खरं विमान डावीकडे ओढतं. ते तुम्ही मागच्या जागेवरून साहेबाच्या पायाकडे बघून शिकला होता. वर तो उजवा पाय दाबतोय. जिनात कापूस टाकून परतणारे गाडीवान थांबून विचारतायत, "काय मिस्त्री, जमलं का आज पिठलं?" शेजारच्या रुळांवरून मालगाडी जाते, खड्ड्याच्या भिंती हादरतात, वरची खुर्ची दणदणते आणि तुम्ही संधी सोडत नाही. "ढगात शिरला बे, ढगात शिरला. दांडा आवळू नको." मालगाडी लांब असली की ढगही लांब चालायचे. एवढं खरं विमान त्या काळात कुणाच्या घरी नसेल, आणि आजही नातवाकडे आहे ते त्याच्या निम्मंसुद्धा खरं नाही. पण ते विमान एकाच माणसाचं होतं. तुमचे डोळे त्याच्या हातांवर असायचे. माझ्याकडे तुम्ही ओरडायचात, बघायचात त्याच्याकडे.

एके दिवशी तुम्ही ट्रंकेतून तुमची लढाईतली चामड्याची टोपी काढलीत, कानांवर येणारी, आणि त्याच्या डोक्यावर घातलीत. मला त्याच दिवशी ट्रकच्या सीटच्या रेक्झिनचे पंजे शिवून दिलेत, दोरांनी हात सोलवटत होते म्हणून. पंजे कामाचे होते, टोपीचा त्या खुर्चीत काही उपयोग नव्हता. तरी मला टोपी पाहिजे होती. दुपारी तो टोपी घालून बसला तेव्हा तुम्ही "कढी" म्हणालात आणि मी दोर असे आवळले की दांडा तसूभर हलेना. तो वर खटपट करत राहिला. तुम्ही खड्ड्याच्या काठाशी येऊन उकिडवे बसलात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही हळूच म्हणालात, "हवा कोनाचा दुसवास करते का वो?" मी मान हलवली. "तिले भाचा माहीत नाही, पोरगी माहीत नाही. इमानाचा जोर किती, तेवढंच माहीत. चाल, कढी कर." मी कढी केली. रागावला असतात तर बरं झालं असतं, इतकं ते मला लागलं.

मलाही खुर्चीत बसू द्या, असं मी तुम्हाला त्याच संध्याकाळी म्हटलं. तुम्ही साबणानं हात धूत होता. म्हणालात, "तू बसली तं खाली हवा कोन होईन? मामा-भाच्याची तं बंदी हाय." मी म्हटलं, तो होईल. तुम्ही जीभ चावलीत. भाच्याला पायाशी, खड्ड्यात उतरवायचं हे तुमच्या कल्पनेतही बसत नव्हतं. मी तिथून हलले नाही. मग तुम्ही म्हणालात, "हा परीक्षेले गेला का तुया नंबर. मी उतरतो खड्ड्यात. बाप-लेकीले कुठं बंदी हाय?" हे वाक्य मी झोपताना म्हणायचे, शाळेत जाताना म्हणायचे. त्याची परीक्षा लवकर यावी म्हणून मी आत्यापेक्षा जास्त देवांना नमस्कार केले असतील.

तो गेला. टोपी बरोबर घेऊन गेला. तुम्ही त्याच्या पाया पडलात, आईनं दही दिलं, आणि गाडी सुटल्यावर स्टेशनातून परत येताना मी तुम्हाला आठवण केली. तुम्ही म्हणालात, माणूस वाटेवर असताना त्याची जागा हलवू नये; तो परत येऊ दे, पास झाल्याचं सांगू दे, मग तू बस. घरातलं माणूस गावाला गेलं की त्याच्या मागोमाग आई झाडू मारू देत नसे, तसंच हे, हे मला कळलं. मी वाट पाहिली. खुर्ची खड्ड्यावर तशीच होती, आणि मी येता-जाता तिच्या पाट्या दाबून बघायचे, झुलते का.

तो दुपारच्या पॅसेंजरनं आला. तुम्ही एका ट्रकचं चाक उघडून बसला होता. मी दारात होते. त्यानं ट्रंक खाली ठेवली नाही, हातातच धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, ठिपका उजवीकडे जाये. सारखा."

तुम्ही विचारलंत, "पाय कोनता दाबला?"

"उजवा. आपोआपच दबे."

तुम्ही चिंधीला हात पुसायला लागलात. मग म्हणालात, "बरोबर दाबला."

"मंग फेल काऊन झालो?"

"ते मशीन इमान नव्हतं, बाप्पा."

गावाहून आलेल्या भाच्याच्या पाया पडायची रीत. तुम्ही तशाच काळ्या हातांनी वाकलात आणि लवकर उठला नाहीत. त्याच्या स्वच्छ मोज्यांवर तुमच्या बोटांचे ठसे उठले. खरं विमान डावीकडे ओढतं म्हणून तुम्ही ते त्याच्या पायात भरलंत, आणि परीक्षेचं मशीन कुठेच ओढत नव्हतं. मला त्या वयातही त्याची दया आली होती, हे खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खड्डा उघडा. खुर्ची गेली, दांडा गेला, पाट्या एका जीपला लागल्यासुद्धा. त्याच्या नजरेला ते पडू नये म्हणून तुम्ही सगळं मोडलंत. कोणीही शहाणा माणूस तेच करील. मी खड्ड्याच्या काठाशी दप्तर घेऊन उभी राहिले. तुम्ही मला पाहिलंत आणि एका गिऱ्हाइकाशी बोलायला लागलात. त्यानंतर त्या खुर्चीचा विषय आपल्यात कधी निघाला नाही. तो पास झाला असता तर मी बसले असते. तो नापास झाला आणि माझा नंबरही घेऊन गेला.

पुढे गॅरेज त्यानं चालवलं. मी लग्न होऊन इथे आले. तुमच्या शेवटच्या आजारात मी नांदुऱ्याला यायचे, तुमच्या उशाशी बसायचे, आणि दारात त्याच्या चपला वाजल्या की तुम्ही डोळे उघडायचात. माझ्या चपलांनी कधी उघडले नाहीत. तो तुमची सेवा मनापासून करत होता, त्याला बोल लावायला मला आजवर जागा सापडलेली नाही, आणि ती नसणं हेच सगळ्यात त्रासाचं आहे.

काल मी चहा घेऊन गेले तेव्हा तो खुर्चीतच होता. विमान पडद्यावर कुठेतरी शेतांवरून चाललं होतं आणि तो दांडा इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवून बघत होता, जसं तुम्ही बेअरिंग हातात घेऊन फिरवायचात. नातू म्हणाला, "आबा, कसं वाटतं? खरं वाटतं ना?" तो म्हणाला, "पाय खरे हायेत. हाताले मामा लागून राह्यले." नातवाला कळलं नाही, मलाही नाही. मग त्यानं बशी हातात घेतली आणि मला सांगितलं. तो परीक्षेला जायच्या आदल्या दिवशी, मी शाळेत असताना, तुम्ही खड्ड्यात उतरला होता. खुर्चीवर वजनाला सरकीचं पोतं ठेवलं होतंत. आत्याचा शब्द मोडू नये म्हणून त्याला वर चढू दिलं नाहीत, बाजूला जमिनीवर उभं राहून नुसता दांडा धरायला सांगितलंत. "खालून दोर ओढे अन् मले इचारे, पोरीवानी होऊन राह्यली का हवा? मी म्हनो, नाही मामा. सारखीच लागून राह्यली. कढी नाही का पिठलं नाही, हे तं स्प्रिंग हाय." तुम्ही घामाघूम होऊन वर आलात म्हणे, आणि त्याला म्हणालात, तू येईस्तोवर शिकून घेतो, पोरीले बसवाचं हाय, कोनाले सांगू नको.

मी त्याला विचारलं, इतकी वर्षं का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, "मामा म्हनले होते ना, सांगू नको." आज का सांगितलंस, तर म्हणाला, हे धरलं आणि हाताला तीच ओढ लागली, तोंडून निघून गेलं. तो खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी मनात आलं ते हे, की माझ्यासाठी तुम्ही खड्ड्यात उतरलात तेव्हाही दांड्यावर हात त्याचाच होता. माझी हवासुद्धा त्यालाच आधी लागली.

तो आज सकाळच्या एसटीनं गेला. नातू शिकवणीला गेला तसा मी त्याच्या खोलीचा दरवाजा लोटला आणि बसले. ते सगळं पूर्ण खऱ्यावरच होतं, मी बदललं नाही. जोर वाढवला आणि माझा डावा पाय खाली गेला. विमान वळून गवतात. पुन्हा केलं, पुन्हा डावा पाय, पुन्हा गवत. मी आयुष्यात कधी विमान चालवलं नाही, मी फक्त हवा झाले होते, आणि हवेचा पाय डावा होता. शेवटी डावा पाय खुर्चीच्या पायामागे अडकवून ठेवला आणि उजव्यानं दाबलं. पट्टी मागे पडली. खाली पिकं दिसायला लागली, एक नदी, एक रूळ. मी दांडा हळू असताना हलवला, जोरात असताना हलवला. खुळ्यासारखी वाट पाहत होते की कुठेतरी तो जड होईल, कुठेतरी थरथरेल. सगळीकडे सारखा. कढी नाही, पिठलं नाही. शिकायला वेळच न मिळालेल्या माणसाच्या हाताची ओढ, पण माझ्या हाताला, आणि दांड्यावर दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

तेव्हा मी विमान तसंच सोडून खाली वाकले आणि टेबलाखाली बघितलं. वायरी होत्या, नातवाचा एक मोजा होता. तेवढ्यात तो आला आणि दारातून म्हणाला, "आजी, खाली काय शोधतेस?" मी म्हटलं, चष्मा. तो हसला, म्हणाला, डोळ्यावरच तर आहे. पडद्यावर विमान एव्हाना कुठेतरी शेतात पडलं होतं.

हे लिहिलेलं तुमच्या भाच्याला दाखवायचं एकदा मनात आलं होतं, दिवाळीला तो पुन्हा येईल. नाही दाखवणार. तुमची एक तरी गोष्ट अशी असू दे, जी त्याच्या आधी माझ्याकडे आहे. नातवालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला म्हणून सांगते, मी चष्मा शोधत नव्हते.